खळ्यावर अडलेला ट्रॅक्टर

खूप खूप वर्षांपूर्वी नदीकाठी एक गाव होतं. गावात बैलजोड्या पुष्कळ, ट्रॅक्टर मात्र एकच, आणि तोही जुना. तो होता एका म्हाताऱ्याचा. सुगी आली की साऱ्या गावाचा जोंधळा त्याच ट्रॅक्टरवर मळला जाई.

म्हाताऱ्याला एकच लेक, येसू. आईवेगळी पोर ट्रॅक्टरच्या सावलीतच वाढली. कुठे काय बिघडलंय हे तिला नुसत्या आवाजावरून कळे. एकदा भर खळ्यात तिने बापाची चूक दाखवली. लोक हसले. म्हातारा चिडला. म्हणाला, "बाईमाणसानं पान्याला हात लावू नये. उद्यापासून चूल सांभाळ."

येसूने पाना खाली ठेवला. पुढे तिचं लग्न झालं, ती नदीपलीकडे नांदायला गेली. तीन वर्षं सरली. ती माहेरी आली नाही, आणि म्हाताराही बोलवायला गेला नाही.

पण रोज संध्याकाळी म्हातारा नदीच्या उतारावर जाऊन बसे. पलीकडच्या घरांतून धूर निघे. त्यातला येसूच्या चुलीचा कुठला, ते तो शोधत राही. तिला मुलगी झाल्याचं त्याने नावाड्याच्या तोंडून ऐकलं होतं. शेवटची नाव आली, तिच्यात येसू नाही असं दिसलं, की तो उठे. कुणी विचारलं तर सांगे, "वारा खायला गेलो होतो."

त्या वर्षी ऐन सुगीत ट्रॅक्टर अडला. ट्रॅक्टरच्या मागे एक फिरता दांडा असतो. इंजिनाची ताकद तो मळणीयंत्राला पोचवतो. शेतकरी त्याला पीटीओ म्हणतात. इंजिन जोरात चाले, पण यंत्रात कणसं पडली की पीटीओ मंदावे आणि थांबे. जळका वास सुटे.

एक मिस्त्री आला. म्हणाला, "मागचा गिअर गेला." त्याने झाकण उघडलं, पुन्हा बसवलं, तरी गुण नाही. दुसरा म्हणाला, "ट्रॅक्टर मधोमध खोलावा लागेल. पंधरा दिवस तरी जातील."

दोघांनीही विचारलं होतं, "बाबा, तुम्ही कुठे हात लावला होता का?"

"छे! मी कशाला लावतोय?" म्हातारा म्हणाला होता.

चार दिवस गेले. आभाळ गच्च भरलं. साऱ्या गावाची कणसं उघड्यावर होती. शेजारची जनाकाकी म्हणाली, "येसूला आणा, भाऊजी."

"ती नाही यायची."

"तुम्ही बोलावलं होतं कधी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा पहिल्या नावेने पलीकडे गेला. येसूच्या दारात दोन वर्षांची मुलगी खेळत होती. अनोळखी माणूस पाहून ती घाबरली आणि धावत जाऊन आईच्या पदराआड लपली. म्हातारा उंबऱ्याबाहेरच थांबला.

येसूने पाणी दिलं. सारं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "ट्रॅक्टर अडला म्हणून आलात, आबा?"

"यायचं तर कधीपासून होतं, पोरी. पाय उचलत नव्हता."

येसूने मुलीला कडेवर घेतलं आणि ती निघाली.

खळ्यावर येताच तिने मळणीयंत्र सोडवलं आणि ट्रॅक्टर चालू केला. पीटीओ झकास फिरला. यंत्र जोडून कणसं टाकली, तसा तो अडला. "दांडा चांगला आहे, गिअरही चांगला आहे," ती म्हणाली. "ताकद क्लचमध्येच घसरतेय, इंजिनातून पुढे पोचतच नाही."

इंजिन बंद करून तिने क्लचचं पेडल हाताने दाबून पाहिलं. "हे सुरुवातीला दोन बोटं सैल लागतं. इथं जराही सैल नाही. खालच्या दांडीचा नट कुणीतरी आवळलाय, म्हणून क्लच पुरता धरतच नाही."

तिने बापाकडे पाहिलं. तो उभा होता, पण सारा भार एकाच पायावर देऊन. येसूचा आवाज उतरला. "आबा, गुडघा कधीपासून दुखतोय?"

तीन वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. म्हाताऱ्याचे डोळे भरले. "झाली दोन वर्षं. पेडल खालपर्यंत दाबवत नव्हतं. थोड्या दाबात काम व्हावं म्हणून नट आवळत गेलो."

"मिस्त्र्यांना का नाही सांगितलं?"

"गाव म्हणालं असतं, म्हातारा थकला."

"आणि मला?"

"तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

येसूने नट सैल केला. "क्लचप्लेट झिजलीय, पण एवढी सुगी काढेल," ती म्हणाली. त्या दिवसापासून ट्रॅक्टरवर ती बसली, आणि म्हातारा खाली उभा राहून यंत्रात कणसं टाकू लागला. सगळ्यांचा जोंधळा घरी गेला. म्हाताऱ्याची पाळी शेवटची होती. त्याची कणसं खळ्यावर असतानाच पाऊस कोसळला. त्याचा जोंधळा काळा पडला. वाया गेलेले चार दिवस त्यालाच भोवले.

जोंधळ्याचं त्याला फारसं वाटलं नाही. पुढे तो वरचेवर लेकीकडे जाऊ लागला. नात त्याला ओळखू लागली, मांडीवर बसू लागली. पण तिचं पहिलं पाऊल त्याने पाहिलं नव्हतं, पहिला बोल ऐकला नव्हता. ते आठवलं की तो बोलता बोलता थांबे आणि तिला आणखी जवळ घेई.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनोही, ध्यानात ठेवा: आपलं दुखणं आणि आपली चूक आपल्या माणसाला वेळेवर सांगावी, कारण उशिरा सांगितलं तरी यंत्र दुरुस्त होतं, पण गेलेले दिवस परत येत नाहीत.