दादाच्या नावाने सांगितलेले मत

मुलांनो, एका जंगलात दोन बुलबुल भाऊ राहत होते. थोरल्याला खेळांचे भारी वेड. वानरांचे नाटक असो, साळिंदराच्या गोष्टी असोत, नाहीतर खारींची पळापळ असो, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून सगळे पाही आणि दुसऱ्या सकाळी पाणवठ्यावर आपले मत सांगे. नुसते ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ म्हणून तो कधी थांबत नसे. “मधल्या भागात मला डुलकी लागली,” तो म्हणे, “पण अस्वल रडायला लागलं आणि माझी झोप उडाली. ती घरी गेल्यावरही आली नाही.” ते ऐकून बाकीचे ठरवत, जायचे की नाही. धाकटा मात्र एका जागी टिकणारा नव्हता. तो अर्ध्यातूनच उडून जाई आणि शेवट दादाकडून ऐके.

एके दिवशी भर दुपारी ससाण्याने थोरल्याला उचलून नेले. धाकटा शेजारच्याच फांदीवर होता. त्याला काहीच करता आले नाही.

थोड्याच दिवसांनी वानरांची नाटकमंडळी जंगलात आली. कातळावर सलग तीन संध्याकाळी खेळ करायचा, असा त्यांचा नेम होता. पण दुसऱ्या संध्याकाळी बघायला कुणीच आले नाही, तर मुक्काम हलवायचा आणि त्या जंगलात पुन्हा पाऊल ठेवायचे नाही, अशीही त्यांची रीत होती. पहिल्या संध्याकाळी धाकटा दादाच्या जागेवर जाऊन बसला. नाटक एकाच घरट्यात राहणाऱ्या दोन होला पक्ष्यांचे होते. एक वानर पळसाची पाने बांधून ससाणा झाला होता. त्याने एका होल्यावर झडप घातली, नेमका त्याचा पानांचा एक पंख गळून पडला आणि बघणारे खो खो हसले. धाकट्याला ते हसू सोसवले नाही. तो तडक उडून गेला.

सकाळी सवयीने सगळे पाणवठ्यावर जमले. “काय रे, कसा होता खेळ?” रानडुकराने विचारले.

“भिकार!” धाकटा म्हणाला. “मेलेल्याची थट्टा करतात मेले. दादा असता तर म्हणाला असता, तिकडे फिरकूसुद्धा नका.”

कासवाने हळूच मान बाहेर काढली. “अरे, पण शेवटी...”

“शेवटाचं काय घेऊन बसलात, कासवकाका!”

“थोरल्याचा शब्द म्हणजे शब्द,” कोल्हा म्हणाला.

“बरंच झालं,” रानडुक्कर म्हणाले. “चिखलात लोळायला संध्याकाळ मोकळी मिळाली.”

ही बातमी वानरांपर्यंत पोचली. दुपारी त्यांचा म्हातारा नायक धाकट्याच्या झाडाखाली आला. “तुझा दादा गेला, हे मला आज कळलं,” तो म्हणाला. “कळलं असतं तर ससाण्याचा खेळ आणलाच नसता.”

“दादाला तुमचा खेळ आवडलाच नसता!”

“नसेलही आवडला. गेल्या साली त्यानं आमची चांगलीच हजेरी घेतली होती. मला फार राग आला होता. पण तो शेवटपर्यंत बसला होता, म्हणून मला तोंड उघडता येईना. तू कुठपर्यंत बसलास?”

धाकट्याने चोच पंखात खुपसली.

“बाळा, हे मत तुझं आहे. तुझं म्हणून सांग, मी ऐकून घेईन. त्याच्या नावानं सांगू नकोस. ‘मी असं बोललो नाही’ असं त्याला आता म्हणता येत नाही.”

संध्याकाळ झाली. कातळासमोर चिटपाखरू नव्हते. वानर मुक्काम आवरू लागले, तेवढ्यात धाकटा आला आणि फांदीवर बसला. एक तरणा वानर कुरकुरला, “आता या एकट्यासाठी नाचायचं का?” नायक म्हणाला, “एक जण आला म्हणजे कुणी आलं नाही असं होत नाही. पानं बांध, आणि या वेळी गाठ घट्ट मार.” ससाण्याने झडप घातली तेव्हा धाकट्याने डोळे मिटून घेतले आणि फांदी गच्च धरली. पण तो उडाला नाही. डोळे उघडले तेव्हा मागे राहिलेला होला घरट्यात एका कडेला अंग चोरून बसला होता. उरलेली अर्धी जागा त्याने तशीच मोकळी ठेवली होती. तोच शेवट होता.

सकाळी धाकटा पाणवठ्यावर म्हणाला, “काल मी दादाचं नाव घेऊन खोटं बोललो. मी खेळ पुरता पाहिलाच नव्हता. ससाणा आला तेव्हा मला बघवलं नाही, कालही नाही. सुरुवातीची गाणी लांबली आहेत. पण शेवटचा होला मला ओळखीचा वाटला. मीही रोज तसाच बसतो.”

“आणि थोरला काय म्हणाला असता?” कोल्ह्याने विचारले.

“ते मला माहीत नाही,” धाकटा म्हणाला. “आता ते कधीच कळायचं नाही.” एवढे बोलला आणि त्याला रडू फुटले. कितीतरी वेळ कुणी पाण्याला तोंड लावले नाही. संध्याकाळी तिसरा खेळ झाला.

तात्पर्य : गेलेल्याच्या तोंडी आपला राग घालू नये. त्याच्यासारखे शेवटपर्यंत पाहावे, आणि मत आपल्याच नावाने सांगावे.