बिनपिसांचा बाण

पूर्वी गोदावरीकाठच्या एका नगरात रुद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व धनुष्ये घडविणाऱ्यांच्या कुळात जन्माला आले. त्या जन्मी त्यांचे नाव ऋजुक होते. त्या कुळाची एक रीत होती. नव्या धनुष्यातून पहिला बाण पिसे न लावता सोडायचा. पिसे आईसारखी असतात, बाणाचे चुकले तरी सांभाळून घेतात. बिनपिसांचा बाण मात्र धनुष्यातली किंवा हातातली खोट लगेच उघडी पाडतो.

राजाला शिकारीचा भारी नाद, पण त्याचे बाण नेहमी डावीकडे जात. काळजात लागायचा तो पोटात लागे, आणि हरणे दोन-दोन दिवस झुडपांत तडफडून मरत. नाचता येईना अंगण वाकडे, तसा राजाने सगळा दोष धनुष्याला दिला आणि ते घडविणाऱ्या बोधिसत्त्वांना बोलावले. त्यांनी राजाला बिनपिसांचा बाण सोडायला लावला आणि त्याच्या हाताकडे नीट पाहिले. धनुष्य ठीक आहे, पण दोरी ओढताना महाराजांची मूठ पिळते, महिनाभर सराव केला तर ती सुधारेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

राजाला सराव नको होता. मूठ आहे तशीच राहील, तू धनुष्य तिच्याजोगते कर, असे तो म्हणाला. बोधिसत्त्वांनी हात जोडले. वाकड्या मुठीसाठी धनुष्याला पीळ दिला, तर एखाद्या दिवशी सरळ हाताचा माणूस ते उचलील आणि बाण भलत्यालाच लागेल, असे ते म्हणाले. राजाने त्यांना घालवून दिले.

मग त्यांचा चुलतभाऊ सोणक पुढे झाला. त्याने धनुष्याचा खालचा भाग वाफेवर शेकून त्याला पीळ दिला, इतका बारीक की डोळ्यांना दिसू नये. राजाचा बाण सरळ जाऊ लागला आणि सोणकाला दरबारात आसन मिळाले.

पुढे एका शिकारीत राजपुत्र अरिंदमाने हौसेने बापाचे धनुष्य उचलले. समोरच्या सांबरावर नेम धरून त्याने बाण सोडला. तो उजवीकडे वळला आणि करवंदीच्या जाळीत जनावरे उठवायला हाकारे घालीत असलेल्या मेणक नावाच्या माणसाच्या गळ्यात घुसला. मेणक जागीच मेला.

दोष कोणाच्या तरी माथी मारायला हवा होता. धनुष्यावर बोधिसत्त्वांच्या हातची खूण डागलेली होती. सोणकाने ती दाखवली, पिळाबद्दल अवाक्षर काढले नाही. राजाच्या शस्त्रात खोट ठेवणाऱ्या कारागिराचा अंगठा तोडावा, असा तिथला दंड होता.

बोधिसत्त्वांनी एवढेच मागितले, की त्याच धनुष्यातून बिनपिसांचे दोन बाण, एक राजपुत्राने आणि एक राजाने, भर दरबारात सोडून पाहावेत. राजपुत्राचा बाण उजवीकडे गेला. राजाचा बाण लक्ष्याच्या मधोमध रुतला. वाकड्या धनुष्यातून ज्याचा बाण सरळ जातो त्याचा हात कसा असेल, हे पोरसुद्धा सांगेल. मग प्रधान उठला आणि म्हणाला, महाराजांचे कौशल्य असे की खोटे धनुष्यही त्यांच्या हाती खरे होते. सगळ्यांनी जयजयकार केला. त्या सभेत एकालाही लाज वाटली नाही, हे सांगताना आजही तोंड कडू होते.

राजाला मात्र सगळे कळले होते. त्याने बोधिसत्त्वांना जवळ बोलावून हळूच म्हटले, “ऋजुका, प्रधान म्हणाला तेच तू म्हण. अंगठा राहील.”

“महाराज, मी तसे म्हटले तर हे धनुष्य इथेच टांगलेले राहील, आणि पुन्हा कोणीतरी मरेल. मूठ आपली वाकडी आहे.”

अंगठा त्याच दिवशी तुटला. धनुष्यही जिथल्या तिथे टांगलेले राहिले.

वेशीपाशी मेणकाची बायको चंपा उभी होती. तिने बोधिसत्त्वांचा फडक्यात गुंडाळलेला हात पाहिला, तरी विचारायचे ते विचारलेच.

“दादा, माझ्या माणसाला मारलं कुणी?”

“बाई, मूठ राजाची, पीळ सोणकाचा आणि धनुष्य माझ्या हातचे.”

“आणि बाण सोडला तो राजपुत्र?”

“त्या सगळ्यांत त्याचाच हात तेवढा सरळ होता.”

चंपा तशीच घरी गेली.

कित्येक जन्मांनंतर विहारातला एक भिक्षू धनवान उपासकाच्या सोयीने नियम वाकवून सांगे, आणि बाकीचे भिक्षू माना डोलवीत. शास्त्यांच्या, म्हणजे भगवान बुद्धांच्या, कानी ते गेले तेव्हा त्यांनी ही कथा सांगितली आणि जुना जन्म नव्याशी जोडून दिला. ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा सोणक म्हणजे हा भिक्षू, आणि राजा म्हणजे तो उपासक. ऋजुक मी होतो, आणि त्या जन्मी मी पाळली ती सत्याची पारमिता, म्हणजे सत्य शेवटपर्यंत न सोडण्याचे व्रत. जयजयकार करणारी ती सभा म्हणजे तुम्ही.”