कुंभाराचा हात आणि चुकलेली सकाळ

पूर्वी कंपिल्ल नगरात वीरबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथे न्यायाधीश होता.

त्याच नगरात सोमिल नावाचा कुंभार राहत असे. माती वाहायला हवे म्हणून त्याने शेजारच्या परटाचे गाढव लांबवले आणि पकडला गेला. चोराचा उजवा हात तोडायचा, असा तिथला दंड. पहिलाच गुन्हा म्हणून बोधिसत्त्वाने तो दंड वर्षभर राखून ठेवला. अट एकच: रोज सकाळी न्यायसभेचा नगारा वाजला की सोमिलने दारात हजर व्हायचे. वर्षभर पाळले तर दंड माफ, चुकले तर हात जाणार.

दहा महिने बिचारा चाक सोडून धावत येई. एके दिवशी मात्र नगारा वाजला, ऊन डोक्यावर आले, तरी हा आपला घोरतोच आहे! जागा झाला तेव्हा दारात शिपाई उभे. उजव्या हाताकडे पाहून त्याला रडूच कोसळले.

त्याची आई धनिका म्हणाली, "रडतोस काय? सांग, आई वारली म्हणून. मी घरात गप पडून राहते."

सोमिलने न्यायसभेत हुंदके देत तसे सांगितले. हुंदके खरेच होते, फक्त ते हातासाठी होते.

दंडाधिकारी वज्रकेतूने डोळे बारीक केले. "कधी वारली?"

"सकाळी... म्हणजे, काल."

"काय नतद्रष्ट पोरगा! आई कधी मेली तेही धड ठाऊक नाही!"

लेकाच्या काळजीने धनिका केव्हाच येऊन गर्दीत उभी राहिली होती. ती उसळून म्हणाली, "ओ, तोंड सांभाळा! कालच पाय चेपून दिलेत त्यानं माझे!"

सभा खो खो हसली. सोमिलची मान खाली गेली. "झोप लागली, महाराज. दुसरं काही नाही."

"अट मोडली, वर खोटे बोलला. तोडा हात!" वज्रकेतू गरजला. "अट मोडली की दंड, यात विचार कसला?"

"तसे असते तर माझ्या जागी नगारेवालाही चालला असता," बोधिसत्त्व म्हणाला. मग त्याने परटाला विचारले, "गाढव कुठे आहे?"

"घरीच, महाराज. हा दिसला की रेकतं, पण यानं पुन्हा हात लावला नाही."

"अट घातली ती याने चोरी सोडावी म्हणून, आणि ती त्याने सोडली आहे. हात गेला तर मडकी कशाने घडवील? पोटासाठी पुन्हा दुसऱ्याच्या दावणीपाशीच जाईल. सोमिल, चुकलास त्याबद्दल मुदत दोन महिने वाढली. आणि उद्यापासून नगारा तूच वाजवायचा."

मग तो धनिकेकडे वळला. "खोटे तू शिकवलेस. याला रोज तू उठवायचे. मेलेल्यांना झोप कसली?"

पुढे चार महिने सोमिलचा नगारा एकदाही चुकला नाही.

ही आपल्या पूर्वजन्मीची गोष्ट सांगून शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तो कुंभार म्हणजे आज पहाटेच्या सभेला न आलेला हा भिक्षू. त्याची आई म्हणजे त्याला पोटदुखीचे निमित्त सुचवणारा त्याचा सोबती. न्यायाधीश मी होतो. आणि वज्रकेतू म्हणजे याला संघातून काढा म्हणत आलेले तुम्ही सगळे. त्या जन्मी मी क्षमेची, म्हणजे क्षांती पारमिता जोपासली. तुम्हाला अजून वाव आहे."