दोन ते तीनचा पहारा

"मग यात माझं चुकलं कुठं, ते तरी सांगा," प्रल्हाद म्हणाला. हे तो तिसऱ्यांदा विचारत होता.

नरहरीबाबा हरभऱ्याची डाळ निवडत होते. एक खडा सापडला. तो त्यांनी उजेडात धरून नीट पाहिला आणि बाजूला टाकला.

"सांगतो," बाबा म्हणाले. "एवढं सूप होऊ दे."

प्रल्हादच्या अंगाचा तिळपापड झाला. निंबगव्हाणच्या देवळात सप्ताहाचा पाचवा दिवस होता. दुपारची पंगत उठली होती आणि निम्मा गाव मंडपात आडवा झाला होता. बाबा एकटे सापडावेत म्हणून त्याने मुद्दाम ही वेळ गाठली होती. लहानपणी ज्याने पखवाज शिकवला त्या माणसाकडे आज त्याला फक्त एक वाक्य मागायचं होतं, आणि तो माणूस त्याला डाळीतले खडे दाखवत होता.

प्रल्हाद काळोखे सात वर्षं तालुक्याच्या डायलिसिस केंद्रात टेक्निशियन होता. हाताचा चांगला होता आणि ते त्याला पुरेपूर माहीत होतं. आता नाशिकच्या एका मोठ्या रुग्णालयात त्याची निवड झाली होती. उद्या, सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. जुन्या ठिकाणी महिन्याची नोटीस द्यावी लागे. ती त्याने दिलीच नव्हती. केंद्राच्या डॉक्टर मॅडमना त्याने सांगितलं, गावाकडे सासरे अत्यवस्थ आहेत, आठ दिवस रजा द्या. नाशिकला सांगितलं, राजीनामा कधीच मंजूर झालाय. आठ दिवसांनी जुना नंबर बंद करून टाकायचा, असा बेत होता.

घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. मॅडम बाबांना फार मानत. सासऱ्यांची चौकशी करायला त्या बाबांनाच फोन करणार, यात शंका नव्हती.

"तुम्ही फक्त हो म्हणायचं. आजारी आहेत म्हणायचं."

"कोण?"

"माझे सासरे."

"आत्ता पंगतीत वाढत होते की ते. मला दोनदा भात वाढला. नको म्हणत होतो तरी."

"बाबा..."

"बरं. नाशिकवाल्यांना विचारलंस, महिनाभर थांबता का म्हणून?"

"विचारलं तर नाही म्हणतील."

"म्हणजे विचारलं नाहीस."

म्हाताऱ्याच्या या सवयीने प्रल्हादचं डोकं लहानपणीही असंच उठायचं.

"मशिनीवर आता कोण असतं?"

"एक मुलगी आहे. चार महिने झाले तिला."

"येतं का तिला?"

"येईल हळूहळू. बाबा, मला एक सांगा. उद्या त्यांना मला काढायचं असतं, तर ते थांबले असते का महिनाभर?"

"नसते थांबले बहुतेक."

बाबांनी हे इतक्या चटकन कबूल केलं, की प्रल्हादला पुढे भांडायला काही उरलं नाही. त्याचा त्याला आणखीच राग आला.

तेवढ्यात मार्तंड गुरव वीणा घेऊन समोर उभा राहिला.

सप्ताहाचे सात दिवस ती वीणा जमिनीला टेकत नाही. कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. तासातासाचे पहारे ठरलेले, नावं खडूने फळ्यावर लिहिलेली. मार्तंडने फळ्याकडे बोट केलं. दोन ते तीन, प्रल्हाद काळोखे. दरवर्षीप्रमाणे त्याने स्वतःच महिन्यापूर्वी नाव दिलं होतं आणि सपशेल विसरला होता.

साडेतीनला नाशिकची बस होती. दिवसातली एकच. तासाभराचा तर प्रश्न आहे, म्हणून त्याने मान पुढे केली. मार्तंडने वीणा त्याच्या गळ्यात घातली, त्याच्या पाया पडला आणि मंडपात जाऊन आडवा झाला.

प्रल्हाद येरझाऱ्या घालू लागला. रामकृष्णहरी... रामकृष्णहरी...

तीन वाजले. पुढचं नाव जगदाळे तात्यांचं होतं. तात्या आले नाहीत.

सव्वातीन झाले.

"रामकृष्णहरी... बाबा, तात्या कुठं आहेत?"

"येतील."

"रामकृष्णहरी... माझी बस आहे."

"हो, तू म्हणालास मघाशी."

"मग तुम्ही घ्या ना जरा."

बाबांनी धोतर सारून सुजलेले गुडघे दाखवले आणि पुन्हा डाळीत बोटं घातली.

"मार्तंडला उठवा."

"झोपलाय. त्याचा पहारा झाला."

"मग मी करू तरी काय?"

"ठेव की खाली."

प्रल्हाद थबकला. "खाली कशी ठेवू? सप्ताह मोडेल ना."

"मग नको ठेवू," बाबा म्हणाले.

असल्या माणसाशी बोलण्यात काही अर्थ आहे का, असं प्रल्हादला झालं. त्याची बॅग पायरीवर तयार होती. उद्या सकाळी तो नाशकात दिसला नाही तर ती जागा गेलीच. त्या जागेसाठी त्याने तीन वर्षं वाट पाहिली होती. रामकृष्णहरी म्हणताना त्याचे दात आवळले जात होते आणि ते देवालाही कळत असणार.

बाबांचा साधा बटणांचा फोन वाजला. बाबांनी तो हातभर लांब धरून पाहिला.

"तुझ्या मॅडम आहेत."

"उचला. हो म्हणा फक्त. रामकृष्णहरी... एवढं करा माझ्यासाठी."

बाबांनी फोन सुपाशेजारी ठेवून दिला. तो वाजून वाजून बंद पडला. दोघंही त्याच्याकडे पाहत राहिले...

फाट्यावर बसचा हॉर्न ऐकू आला, आणि त्याच वेळी जगदाळे तात्या धापा टाकत पायऱ्या चढून आले. पोटऱ्यांपर्यंत शेण, सदऱ्याला रक्ताचे डाग.

"गाय अडली होती," ते कसेबसे म्हणाले. "पाय आधी आलं वासराचं... सुटली आता. आण इकडं, आण. तुझा खोळंबा झाला." आणि त्यांनी तसेच भरलेले हात पुढे केले.

दुसरा हॉर्न वाजला. वीणा देऊन धावत सुटला असता, तर प्रल्हादला बस नक्की मिळाली असती.

तो एक पाऊल मागे सरला.

"अशी नका घेऊ," तो म्हणाला. "आधी हातपाय धुवा. पाणी प्या. दम खाऊन मग घ्या सावकाश. तोवर मी उभा आहे."

तात्या आडावर गेले. बस फाट्यावरून निघाल्याचा आवाज आला आणि हळूहळू लांब गेला. प्रल्हादने तो पुरता ऐकला. मग त्याला आपण काय करून बसलो ते कळलं, आणि तो बाबांवर भडकला.

"गेली बस. झालं तुमचं समाधान?"

"मी काय केलं?" बाबा म्हणाले. "मी तर ठेव म्हणत होतो."

तात्या ओल्या पायांनी परत आले, देवाला नमस्कार करून उभे राहिले. प्रल्हादने वीणा त्यांच्या गळ्यात घातली, पट्टा खांद्यावर नीट बसवला आणि वाकून पाया पडला. तात्यांनी गजर धरला.

प्रल्हाद बाबांच्या समोर येऊन बसला. खांदा दुखत होता.

फोन पुन्हा वाजला. या वेळी बाबांनी तो उचलून त्याच्यापुढे धरला.

"घे."

"मी? मी काय सांगू त्यांना?"

बाबांनी डाळीचं सूप जवळ ओढलं.

"आत्ता तात्यांना सांगितलंस तेच. तोवर मी उभा आहे म्हणून."