तांडेलाने उतरवलेलं निशाण

फार फार मागे, शिडांच्या नि तोफांच्या काळात, समुद्राकाठच्या एका राज्यात रणचंडी नावाचं लढाऊ जहाज होतं. तिचं शीड दिसलं की शत्रू वाट बदलायचा.

त्या राज्यात एक रीत होती. दर वर्षी भरतीला जहाज वाळूवर घ्यायचं. ओहोटीला ते कुशीवर कललं की तळ खरवडायचा, किड्यांनी पोखरलेल्या, सडक्या फळ्या बदलायच्या, चुना नि माशाचं तेल चोपडायचं. पण वाळूवर घेण्याआधी निशाण उतरवायचं.

इथंच घोडं पेंड खात होतं. रणचंडीवर हुकूम चालायचा तो तांडेलाचा. तो म्हणायचा, "तोफेचे गोळे खाल्ले तरी हे निशाण खाली आलं नाही. आता किड्यांच्या भीतीने उतरवू?"

मग काय, वरून रंगरंगोटी, तोफा लख्ख, आणि तळ वर्षानुवर्षं तसाच. बडा घर पोकळ वासा.

तांडेलाची बायको फटकळ. ती म्हणायची, "तुम्हाला साधा ताप आला तरी अंथरूण सोडवत नाही. ती बिचारी इतकी वर्षं उभी आहे, तिला आडवं व्हायला बंदी? माझा भाऊ आहे त्या जहाजावर, ध्यानात ठेवा."

"दर्यातलं तुला काय कळतं?" तो म्हणायचा आणि पान जुळवायला घ्यायचा.

एके सकाळी हुकूम आला. व्यापाऱ्यांच्या गलबतांना समुद्रापार सोबत करायची. रणचंडी निघाली, पण तळाला शेवाळ नि कालवं चिकटलेली, चालणार कशी? भाताने लादलेली गलबतंसुद्धा पुढे गेली. त्यातला एकजण ओरडला, "तांडेल, नांगर उचललात ना?"

तेवढ्यात मेव्हणा तळातून वर आला, कमरेपर्यंत भिजलेला. "दाजी, उपसतोय तेवढंच पाणी आत येतंय. खाडीच्या तोंडापर्यंत ती निभावेल. पुढे आमची आशा सोडा."

तांडेलाने वर निशाणाकडे पाहिलं. मग मेव्हण्याकडे पाहिलं. त्याच्या बहिणीला काय तोंड दाखवायचं?

दोरीला त्याने दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. स्वतः निशाण उतरवलं, घडी करून छातीशी धरलं आणि म्हणाला, "वळवा. वाळूवर घ्या." व्यापाऱ्यांच्या सोबतीला दुसरं जहाज गेलं.

ओहोटी लागली, जहाज कललं. मेव्हण्याने तळाच्या फळीवर अंगठा दाबला. अंगठा आरपार गेला.

मग एकाला हसू फुटलं, आणि सगळेच वाळूत बसून पोटभर हसले. जीव वाचल्याचं हसू ते. तांडेलानेही कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

किनाऱ्यावर गाव लोटलं होतं. आता टोमणे ऐकायचे म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. पण बायकांनी आपापली माणसं हाताला धरून घरी नेली. त्याच्या बायकोने आधी भावाला चाचपलं, मग नवऱ्याला म्हणाली, "चला, भात निवतोय."

नव्या फळ्या बसल्या, चुना-तेल लागलं. रणचंडी पुढे पुष्कळ लढाया लढली आणि म्हातारी होऊन आपल्याच बंदरात विसावली. तेव्हापासून तिथे वाळूवर घ्यायच्या जहाजाचं निशाण तांडेल स्वतः उतरवतो, आणि तो मान समजतात.

दुखणं दाखवल्याने अब्रू जात नाही. झाकलेलं दुखणं मात्र अब्रूसकट बुडवतं.