बनशेंद्रीचा ढोल

माणदेशातल्या बनशेंद्री गावी वेशीपाशी लिंबाखाली एक दगडी कट्टा आहे. त्यावर घोंगडी अंथरून ठेवलेला मोठा ढोल दिसतो. गावात लग्न निघालं की घरधनी आधी इथं येतो, डोक्याचं पागोटं काढतो, ढोल गळ्यात अडकवतो आणि बोडक्या डोक्यानं, भर उन्हात मांडवापर्यंत वाहून नेतो. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. एवढा मानाचा माणूस, आणि लग्नाच्या दिवशी गुन्हेगारासारखा का चालतो? मग गावचे बिराजीआबा त्यांना कट्ट्यावर बसवून घेतात आणि सिदोजीची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी या गावात म्हाकू नावाचा धनगर होता. मेंढरं राखावी, बिरोबापुढं ढोल वाजवावा, एवढाच त्याचा संसार. त्याचा लेक सिदू मात्र चलाख निघाला. कुठल्याशा सरदाराच्या पागेत लागला, घोड्यावर बसला, आणि बघता बघता सिदूचा सिदोजीराव झाला. नाव लांबलं तशी मानही ताठ झाली, असं आबा हसत सांगतात. सिदोजीनं चिरेबंदी घर बांधलं, लेक हौसाची सोयरीक कुरणगावच्या हैबतरावांकडं जमवली. हैबतरावही जातीचे धनगरच, पण त्यांच्या दारात मेंढरू दिसायचं नाही, घोडीच दिसायची. अशा घरी लेक पडणार म्हणून सिदोजीला आभाळ ठेंगणं झालं होतं. फक्त एक धाकधूक होती. बापाला लग्नात कुठं लपवायचं?

त्यानं युक्ती केली. मेंढरांच्या तळावर बापाला निरोपच धाडला नाही. पण नातीचं लग्न आजाला कळल्यावाचून राहतं का? म्हाकू चालत आला. अंगावर घोंगडी, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा, गळ्यात ढोल. वऱ्हाड दारात आलं तसा त्यानं टिपरू उचललं आणि असा ढोल घुमवला की हैबतरावांची घोडीसुद्धा कान टवकारून उभी राहिली.

"वा! म्हातारा कोण म्हणायचा?" हैबतरावांनी विचारलं.

सिदोजीनं आजूबाजूला पाहिलं. चारचौघांत, जरीच्या पागोट्याखाली घाम फुटला. तो म्हणाला, "ढोलक्या हाय. बोलावलाय."

म्हाकूनं ते ऐकलं. त्याचं टिपरू क्षणभर हवेत थांबलं, मग पुन्हा पडलं. त्या दिवशी तो बोलावलेल्या ढोलक्यासारखाच वागला, असं सांगतात. वाजवणाऱ्यांत बसला. शेवटच्या पंगतीत जेवला. लेकाकडं एकदाही नजर वर करून पाहिलं नाही. हौसा सासरी निघाली तेव्हा साऱ्या वऱ्हाडासमोर वाकून त्याच्या पाया पडली. कोणीतरी फिदीफिदी हसलं, तशी सिदोजीनं सारवासारव केली, "पोर भोळी हाय आमची."

वरात गेली. वाजवणारे बिदागी घ्यायला आले, त्यांच्या मागं म्हाकू उभा होता. सिदोजीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं कसाबसा नारळ पुढं केला. बापानं दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला.

"येतो मालक," तो म्हणाला. "नारळ ढोलक्याचा, म्या नेतो. ढोल घरचा हाय, ऱ्हाऊ द्या."

आणि मेंढरांमागं निघून गेला.

ढोल ओट्यावर पडून राहिला. सिदोजीला त्याच्याकडं बघवेना आणि तो नजरेआडही करवेना. एकदा झूल टाकून झाकला, तर झाकताना बापाचंच तोंड झाकतोय असं वाटलं. शेजाऱ्याला म्हणाला, वाजवून बघ. नुसता थप्प असा आवाज आला. उन्हात तापवला, कातड्याचं पान बदललं, जाणती माणसं बोलावली, पण ढोल म्हणे घुमेचना. ओल धरली असेल, असं एखादा शहाणा पाहुणा म्हणतो. आबा त्याच्याकडं नुसते बघतात.

शेवटी सिदोजी कुरणगावला गेला. सोयरीक मोडली तर मोडली, पण हे ओझं आता पेलवत नव्हतं. हैबतरावांपुढं पागोटं काढून खाली मानेनं म्हणाला, "त्यो ढोलक्या न्हवता. माझा बाप व्हता."

हैबतरावांनी त्याला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाले, "सूनबाईनं वेशीवरच सांगितलं व्हतं. आमी तुमची वाट बघत व्हतो, तुमी कवा सांगताय त्याची."

ते रागावले असते तर सिदोजीला हलकं वाटलं असतं. पण ते रागावले नाहीत. त्यांनी त्याला पाणी दिलं, आणि तो ते तसंच हातात धरून बसला.

चाऱ्याचा हंगाम सरला, मेंढरं परत आली. सिदोजी बोडक्या डोक्यानं, गळ्यात ढोल घालून वेशीवर उभा राहिला. सारा गाव जमला होता. म्हाकू लिंबाखाली टेकला. त्यानं लेकाला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ढोल कुणाचा म्हणायचा?"

"माझ्या बापाचा," सिदोजी म्हणाला आणि त्याला रडू कोसळलं. आपण सगळं सांगून टाकलं, असं त्याला वाटलं.

म्हातारा जागचा हलला नाही. "बापाचा तर हायच. बाप आज हाय, उद्या न्हाई. मग ह्यो कुणाचा?"

सिदोजीला मग समजलं. बापाला बाप म्हटलं, पण ढोल अजूनही त्याच्याच अंगावर ढकलत होता तो. सारा गाव उन्हात वाट बघत उभा राहिला. "माझा," तो अखेर म्हणाला. "ह्यो ढोल माझा हाय."

तेव्हा म्हाकूनं टिपरू लेकाच्या हातात दिलं, आणि ढोल घुमला, असं सांगतात.

तेव्हापासून ढोल वेशीवरच राहिला, साऱ्या गावाचा झाला. आजही बनशेंद्रीत ढोलाचं पान फाटलं की लग्नघरचा माणूस नवं चढवतो, लाकडी खोड मात्र तेच ठेवतो. मांडवाच्या दारात व्याही विचारतात, "ढोल कुणाचा?" पुण्या-मुंबईची शिकलेली मंडळी मोठ्या अभिमानानं सांगतात, "आमच्या वाडवडिलांचा." मग व्याही पुन्हा विचारतात. काहींना "माझा" म्हणायला फार वेळ लागतो, कारण साऱ्यांदेखत तसं म्हटलं की पुढं वाजवायलाही शिकावं लागतं. तोवर वऱ्हाड उन्हात उभं असतं, आणि कोणीही घाई करत नाही.