वर्दीविना हवालदार

सोपाननाना आता थकले आहेत, पण बाजारात दिसले की लोक अजून कडक सलाम ठोकतात, "काय हवालदार!" लोकनाट्यात त्यांनी चाळीस वर्षं एकच हवालदार रंगवला. त्या सलामानं नानांना ती जत्रा हमखास आठवते.

खेळ सुरू व्हायच्या आधी नवे फौजदार राहुटीत घुसले होते. "खात्याची टिंगल करता? आज अंगावर वर्दी दिसली, तर फड बंद करीन!" असं दरडावून ते पहिल्या रांगेत जाऊन बसले.

बाकीचे नट गळाठले. नाना मात्र बनियन-लेंग्यावरच स्टेजवर गेले. तोंडातून अवाक्षर नाही. पानवाला झालेल्या नटापुढं थांबले, दोन पानं उचलली, एक तोंडात कोंबलं, एक खिशात.

"पैसं?" पानवाल्यानं विचारलं.

नानांनी नुसते डोळे वटारले आणि चालू लागले.

"हवालदार आला रं!" सारी जत्रा ओरडली.

नाना फौजदारांपुढं हात जोडून उभे राहिले. "साहेब, तुमच्या शब्दाबाहेर नाही. वर्दी खुंटीला आहे. मग ह्या लोकांनी मला कशावरून ओळखलं, तेवढी चौकशी करा."

ती वर्दी पुढं कायमची खुंटीलाच राहिली. नानांना तिची गरजच पडली नाही.